सकाळी पहिलं कोण उठतं?

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

या सत्राला 'अचानक आलेलं पालकत्व' असं नाव दिलंय. मला आधी विचारलं असतं तर मी 'अचानक आलेला स्वयंपाक' असं सुचवलं असतं. हसू नका. पालकत्वाबद्दल मी निदान चार पुस्तकं तरी वाचली होती. एम.एस.डब्ल्यू.ला असताना 'बालकाचे सर्वोत्तम हित' या विषयावर मी निबंध लिहिला होता आणि त्याला मार्कही चांगले मिळाले होते. पण मे २०२१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दोन मुलं समोर भुकेली बसलेली असताना कुकरमध्ये डाळीला पाणी किती घालायचं, हे मला माहीत नव्हतं.

थोडं मागचं सांगते. आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले. आई दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसलेली असायची, त्यामुळे घरातलं सगळं ताईकडे. ती बारावीनंतर थांबली. मी शिकले, पुण्यात आले, एम.एस.डब्ल्यू. झाले, संस्थेत लागले. वसतिगृहात राहायचं आणि मेसमध्ये जेवायचं, अशी माझी दहा-बारा वर्षं गेली. आईही २०१६ साली गेली.

'मला स्वयंपाक येत नाही' हे मी तेव्हा अभिमानानं सांगायचे. बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं विचारलं होतं, "पोहे तरी येतात का?" मी म्हटलं, "खाता येतात." ते उत्तर आमच्या मैत्रिणींमध्ये पुष्कळ वर्षं गाजलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्या घरात तो प्रश्न ज्या अर्थानं विचारला गेला होता त्याला तेच उत्तर योग्य होतं. पण त्या उत्तरामागे जे होतं ते मी कधी तपासलं नव्हतं.

शिबिरांमध्ये मी 'चोवीस तासांचं घड्याळ' हा खेळ घ्यायचे. तुम्ही सगळ्यांनी तो घेतलाय. फळ्यावर दोन वर्तुळं काढायची, एक बाईच्या दिवसाचं, एक पुरुषाच्या. मग आकडे सांगायचे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं विनामोल काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात ते २८९ आणि ८८ झालंय. म्हणजे पाच वर्षांत बाईचं काम दहा मिनिटांनी कमी झालं आणि पुरुषाचं नऊ मिनिटांनी. आम्ही या आकड्यांवर हळहळायचो, मग जेवणाची सुट्टी व्हायची आणि मी आयत्या ताटावर बसायचे. मेसच्या काकू आम्हा बावीस जणींचं दोन्ही वेळचं करायच्या. त्यांच्या घरी त्यांच्या मुलांचं कोण करतं, हे मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, लोकांच्या घरात जाऊन प्रश्न विचारण्याचाच माझा पगार, आणि हा प्रश्न मला सुचला नाही.

असो. ताईचं सासर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी. दाजी कारखान्यात ड्रायव्हर होते. दुसऱ्या लाटेत आठ दिवसांच्या अंतरानं दोघंही गेले. त्या दिवसांबद्दल मी आज बोलणार नाही. इथे बसलेल्यांपैकी अनेकींच्या घरातून तो महिना होऊन गेलाय, त्यांना सांगायला नको.

मी ई-पास काढून पोचले तेव्हा घरात माझी भाची होती अकरा वर्षांची आणि भाचा सात वर्षांचा. त्या दोघांना शेजारच्या घरानं दारातून डबा ठेवून जगवलं होतं. खानावळी बंद, हॉटेलं बंद. पुण्यात असते तर मी पार्सलवर निभावलं असतं. इथे ओटा होता, गॅस होता, डबे भरलेले होते आणि मी होते.

पहिले दोन दिवस मी मॅगी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्याच्या आवाजानं जाग आली. साडेपाच वाजले असतील. बघते तर भाची ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर उभी. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा आणि ती भाकरी थापतेय. लहान हाताची लहान भाकरी, पण गोल. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, तू झोप. मला येतंय."

आणि मैत्रिणींनो, मी झोपले.

पुढचा जवळजवळ दीड महिना मी त्या पोरीच्या हातचं जेवले. मला कामं होती. बँक, मृत्यूचे दाखले, कारखान्याचा फंड, शिवाय फोनवरून संस्थेचं काम. आमची संस्था तेव्हा करोनात एकल झालेल्या बायकांना मदत मिळवून देत होती, मी रोज आठ-दहा घरांशी बोलत होते. भेटायला येणारं जो तो म्हणायचा, "किती शहाणी पोर! आईची जागा घेतली बघा." मीही मान डोलवायचे. मला तिचं कौतुकच वाटत होतं. खरं सांगायचं तर कौतुकापेक्षा सुटका जास्त वाटत होती.

जूनच्या शेवटी तिच्या बाईंचा फोन आला. शाळा ऑनलाइन सुरू झाली होती. घरात ताईचा एकच स्मार्टफोन. धाकट्याची हजेरी व्यवस्थित लागत होती, थोरली बारा दिवसांत एकदाही वर्गात दिसली नव्हती. सकाळी दहाला तिचा वर्ग असायचा आणि दहाला तिची डाळ शिजत असायची.

मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, उद्यापासून तू ओट्याकडे जायचं नाहीस. मला वाटलं पोरीला हायसं वाटेल. ती रडायला लागली. थांबेचना. खूप वेळानं बोलली तेव्हा कळलं की मेच्या अखेरीस नातेवाइकांची जी बैठक झाली होती तिचा तिनं काय अर्थ लावला होता.

त्या बैठकीबद्दल सांगायला हवं. दाजींचे भाऊ आणि सासूबाई आले होते. प्रस्ताव साधा होता. मुलगा त्यांनी न्यायचा, मुलगी मावशीकडे. मुलगा म्हणजे घराण्याचा, मुलगी काय, चार वर्षं मावशीनं सांभाळली की झालं. मी म्हटलं, भावंडांची ताटातूट होऊ देणार नाही, आपण रीतसर बाल कल्याण समितीपुढे जाऊ. मी कायद्याचं बोलत होते, मुलांचं हित वगैरे. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला स्वतःला भाकरी थापता येत नाही, ही पोरं काय जगवणार?" मी गप्प झाले, कारण ते खरं होतं. आणि दारात उभी असलेली भाची म्हणाली होती, "मला येतंय की सगळं."

तेव्हा सगळे हसले होते. मीही.

पोरीच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. घरात चूल पेटलेली दिसली नाही तर काका भावाला घेऊन जाणार. काका दर रविवारी यायचेच, त्या दिवशी ती आमटी, भाकरी, भात, कोशिंबीर असं सगळं करून ठेवायची. दीड महिना ती भावाला राखत होती आणि मी तिला शहाणी म्हणत होते.

त्या रात्री मी ठरवलं की स्वयंपाक शिकायचा. यात अन्नपूर्णा होण्याचा काही भाग नव्हता. कोणीतरी मला त्यागमूर्ती म्हणालं होतं, त्याचा तर मला रागच येतो. काकांनी धाकट्याला नेलं असतं तर काकांना कोणी त्यागमूर्ती म्हटलं नसतं, आणि त्याचं जेवणखाण काकूनंच केलं असतं. माझा मुद्दा एवढाच होता की या घरात काम पडलेलं आहे, आणि ते मी उचललं नाही तर ते उताराला लागलेल्या पाण्यासारखं पुढच्या बाईकडे जाणार. पुढची बाई अकरा वर्षांची होती.

आम्ही करार केला. तिनं मला शिकवायचं, पाटावर उभं राहून नाही, खुर्चीवर बसून. सोमवार ते शनिवार ओटा माझा. रविवारी तिची इच्छा असेल तर तिचा. हे रविवारचं मी नाइलाजानं मान्य केलं. तिला स्वयंपाकघरातून सोडवायचं म्हणजे तिथून बाहेर काढायचं, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मग आईचं मी काय करू?" ताईच्या हाताच्या सवयी त्या घरात तिच्या एकटीच्या हातात उरल्या होत्या. फोडणीत हळद घालण्याआधी गॅस बारीक करायचा, लसूण सोलायच्या आधी वरवंट्यानं ठेचायचा, मीठ मोजायला चमचा नाही, तीन बोटं. हे तिच्याकडून काढून घेण्याचा मला काय अधिकार? घरकाम म्हणजे निव्वळ ओझं, असं आपण शिबिरात म्हणतो तेव्हा हे एवढं बाजूला राहतं.

शिकण्याची हकिकत फार सांगत नाही. कुकरची शिट्टी उडाली नाही म्हणून मी एकदा शेजारी पळाले होते, रिंगच बसवलेली नव्हती. भाताचं एक महिनाभर लापशी किंवा कण्या असं चाललं. धाकटा मुकाट खायचा आणि मग विचारायचा, "उद्या रविवार आहे का?"

भाकरी मात्र काही केल्या जमेना. थापताना चिरायची, उचलताना हातात तुकडे. यूट्यूबवर बघितलं, तिथल्या बाईंची भाकरी चंद्रासारखी. जुलैत सासूबाई राहायला आल्या. आल्या तेव्हा तपासायलाच आल्या होत्या, मी नावं ठेवत नाही, त्यांचा मुलगा गेला होता. दोन दिवस त्यांनी माझी झटापट बघितली. तिसऱ्या दिवशी काठवट ओढून खाली बसल्या. "पीठ कधीचं आहे?" मी म्हटलं, ताईनं दळून आणलेलं. म्हणजे तीन महिन्यांचं. "मग कशी होईल? विरी गेली याची." ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. ताईच्या हातचं शेवटचं दळण म्हणून आम्ही दोघी ते पुरवून पुरवून वापरत होतो. ते त्यांनी ओळखलं असावं. काही बोलल्या नाहीत. नवं दळण आणायला लावलं. पाण्याला उकळी आणायची, पिठात खड्डा करून ओतायचं, उलथन्यानं कालवायचं, हाताला सोसेल तसं तळहाताच्या मुळानं रगडायचं, जेवढं रगडाल तेवढी भाकरी तुमची. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सात-आठ दिवसांनी एक भाकरी फुगली. सासूबाई नातवाला म्हणाल्या, "जा, मावशीची भाकर काकाला दाखवून ये." काका बाहेर ओसरीवर बसले होते. मुलगा न्यायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

अर्थात भाकरी फुगल्यामुळे कायदेशीर ताबा मिळत नाही, ते सगळं रीतसर केलं. समितीपुढे गेलो, मुलं माझ्याकडे राहिली. राज्य सरकारनं २०२१ मध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी ५ लाखांची ठेव जाहीर केली होती, ती दोघांच्या नावे झाली, एकविसाव्या वर्षी मिळेल. बालसंगोपन योजनेचे तेव्हा महिन्याला ११०० होते, २०२३ मध्ये ते २२५० केले. त्याचे अर्ज कसे भरायचे ते दुपारच्या सत्रात आहे. या पैशांतून तेल-डाळ येते. ती शिजवणाऱ्या हाताचं त्यात काही नाही. मी पुण्यातली नोकरी सोडून त्याच संस्थेचं तालुक्यातलं अर्धवेळ काम घेतलं, पगार निम्म्यावर आला. तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता धाकट्याबद्दल. तो बोलत नव्हता. शाळेच्या फोनपुढे बसायचा, सांगितलं तेवढं करायचा आणि उरलेला वेळ घरामागे. घरामागे अर्धा गुंठा परसात ताईची बाग होती. मी तिकडे फक्त कपडे वाळत घालायला जायचे. जूनचा पाऊस पडून सगळं तण माजलं होतं. एक दिवस हा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आत राख आणि राखेत बिया. म्हणाला, "आई मृगात लावते. मृग संपला का?" एवढं मोठं वाक्य तो दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला होता.

मग कळलं की बागेतलं सगळं त्याला माहीत होतं. तो कायम ताईच्या पाठीपाठी असायचा. थोरलीला ताईनं स्वयंपाकघरात घेतलं होतं आणि हा आपला परसात. बी कुठलं, दोडक्याचं रात्रभर भिजवायचं, घेवड्याला मांडव कुठे घालायचा, न्हाणीचं पाणी अळूकडे कसं वळवायचं, सगळं. हे बायकांचं काम आहे असं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तो शिकला होता. मी त्याच्या हाताखाली खुरपायला बसले. पहिल्याच दिवशी मी तण म्हणून कोथिंबिरीची रोपं उपटली. भर जुलैत मेथी पेरली, ती कुजली. तो म्हणाला, "आई मेथी दसऱ्याला लावते," आणि मला हसला. ऑगस्टअखेर दोडक्याला फळं धरली. घेवड्यावर मावा पडला तेव्हा बंबातली राख चाळून सकाळी दवात भुरभुरली, थोडा फरक पडला, थोडा घेवडा गेला. शेपू बक्कळ आला. शेपू आमच्या घरात कोणालाच आवडत नाही, तो आम्ही वाडीभर वाटला.

त्याच वाफ्यावर बसून मी त्याला भाजी निवडायला, लसूण सोलायला लावलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पण तो बागेतनं आलेली भाजी निवडत होता, त्यामुळे त्याला ते बागेचंच काम वाटलं. तिथून तो ओट्यापाशी कधी आला ते आम्हालाही कळलं नाही. मला शिबिरात पुरुषांशी बोलून जे जमलं नव्हतं ते असं मागच्या दारानं जमलं. अर्थात तो सात वर्षांचा होता, हे धरायला हवं.

चटणीचं एक सांगते आणि मग कामाच्या गोष्टीवर येते. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. ताईनं मार्चमध्ये बरणी भरून ठेवली होती. आम्ही तिघं ती पुरवत होतो. फेब्रुवारीत तळ दिसायला लागला तेव्हा भाचीनं रविवारी चटणी घालणंच बंद केलं. अळणी आमटी खायचो. शेवटी शेजारच्या काकूंनीच मला बाजारात नेलं. ब्याडगी, संकेश्वरी, धने, तीळ, खोबरं. अंगणात सगळं भाजताना ठसक्यानं गल्ली रिकामी झाली. कांडप करून आणली, नव्या बरणीत भरली. भाचीनं जुन्या बरणीतली उरलेली दोन चमचे नव्यात वर पसरली आणि बरणी विसळून त्याचं पाणी आमटीत ओतलं.

आता काम. आपल्या गृहभेटीचा जो फॉर्म आहे त्यात चोवीस रकाने आहेत. आधार, रेशनकार्ड, खातं, शाळेचं नाव, इयत्ता, उत्पन्न, कर्ज. २०२१ मध्ये हा फॉर्म मीच तयार केला होता. माझ्या स्वतःच्या घराचा भरला असता तर तो चांगला आला असता. मुलगी शाळेत दाखल, पालक उच्चशिक्षित, जेवण दोन वेळ. ती पाटावर उभी आहे हे त्यात कुठेच आलं नसतं. बालमजुरीच्या कायद्यात ती बसत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं तर शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत करायला मोकळीकच दिलीय. वेळ-वापर सर्वेक्षण मात्र वयाच्या सहाव्या वर्षापासून मोजतं, म्हणजे त्या २८९ मिनिटांच्या सरासरीत सहावीतल्या मुलीही आहेत. आपण ती सरासरी सांगताना डोळ्यांपुढे साडी नेसलेली बाई आणतो.

म्हणून मी फॉर्ममध्ये दोन प्रश्न घातले. 'सकाळी पहिलं कोण उठतं?' आणि 'गॅस किंवा चूल कोण पेटवतं?' 'स्वयंपाक कोण करतं' असं विचारलं तर आजीचं नाव सांगतात. आजी बाजेवर असते. कोण उठतं विचारलं की लहान भाऊ पटकन खरं सांगतो, म्हणून हा प्रश्न शक्यतो त्याला विचारायचा. पहिल्या आठवड्यात तीन घरांत मुलीचं नाव आलं. एका घरात बाप होता, धडधाकट. त्याला मी माझी कुकरच्या रिंगची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाई असून येत नव्हतं?" मी म्हटलं, हो ना, म्हणजे ते अंगात नसतं, शिकावं लागतं. तो शिकला असं मी सांगणार नाही. मुलीला सकाळच्या शाळेला सोडतो आणि संध्याकाळी भात लावतो, एवढं झालंय. दुसऱ्या एका घरात मला हाकललं.

भाची यंदा दहावीत आहे. रविवारचा ओटा तिनं सोडलाय, परीक्षा झाल्यावर बघू म्हणते. भाचा आता अकरा वर्षांचा आहे. शाळा सांभाळून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याच्या असतात, पाट लागत नाही, उंच आहे. मी इथे आलेय तर दोन दिवस सासूबाई आणि तो मिळून बघतायत. काल रात्री फोन केला तर म्हणाला, आजी ओरडतेय की पोरानं भाकरी थापलेली बघवत नाही, पण खाल्ल्या तिनं तीन.

फॉर्मच्या प्रती मागच्या बाकावर ठेवल्यात, पंचविसावा आणि सव्विसावा प्रश्न बघा आणि तुमच्या भागात ते कसे विचारता येतील ते चहानंतर सांगा. शब्द बदलावे लागतील, चूल कुठे, गॅस कुठे. शेजारी राखेची पिशवी आहे, त्यात घेवड्याचं बी आहे, धाकट्यानं मोजून दिलंय, एकीला पाचच घ्या.